वाचकांचे प्रश्न : कॅप्टनसह शिडाची नौका

शिडाच्या नौकेसंबंधी या वेळी चार पत्रे आली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, परंतु बाकीच्या तिघांच्या बऱ्याचशा शंका त्यातच फिटतील, म्हणून ते प्रथम घेतो.

प्रश्न : येत्या पौष वद्य पंचमीला आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. मंगल कार्यालय घेऊन पंगती उठवण्यापेक्षा घरच्या आठ जणांनीच मुंबईस जावे आणि गेटवेजवळून एखादी शिडाची नौका कॅप्टनसह दोन तासांसाठी घ्यावी, असे आम्ही ठरवत आहोत. वडील ७६ वर्षांचे, आई ७२ वर्षांची आणि सर्वांत धाकटी माझी भाची सहा वर्षांची आहे. आमचा पाण्याशी संबंध कृष्णेच्या घाटापुरता आणि फार तर हरिपूरच्या संगमापर्यंतचा. एका मध्यस्थाने फोनवर भाडे सांगितले असून निम्मा इसार आजच पाठवण्याचा आग्रह धरला आहे. कोणकोणत्या गोष्टी विचारून घ्याव्यात? सकाळची वेळ बरी की संध्याकाळची?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : इसार आज पाठवू नका. नौका ठरवणे हे कार्यालय ठरवण्यासारखेच वाटते, पण कार्यालयाचा मालक मुहूर्त टळू नये म्हणून धडपडतो आणि चांगला कॅप्टन वेळ आली तर मुहूर्तच टाळतो. त्यामुळे भाडे किती, नौका केवढी, केक चालेल का, हे सर्व विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : वारा वाढला किंवा हवा फिरली तर ‘आज निघायचे नाही’ हे कोण ठरवणार, आणि तसे ठरले तर आमच्या पैशांचे काय होणार? कॅप्टनने नकार दिल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल किंवा दुसरी तारीख मिळेल, एवढे दोन ओळींत लिहून घ्या. साधा मोबाइलवरचा संदेशही चालेल. मध्यस्थ ‘त्याची काळजी करू नका’ एवढेच म्हणत राहिला, तर तेथेच थांबावे.

या प्रश्नाला मी एवढे महत्त्व का देतो, ते सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तासगावहून आलेल्या सासुरवाडीच्या सात माणसांना घेऊन मी असाच गेलो होतो. इसार कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, असे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले होते आणि मी पावती उलटून पाहिली नव्हती. एप्रिलची दुपार होती. वायव्येचा वारा भरून वाहत होता आणि बंदराच्या पाण्यावर लाटांचे माथे जागोजागी पांढरे फुटत होते. कॅप्टन जेट्टीच्या कठड्याशी उभा राहून काही न बोलता पाण्याकडे पाहत होता. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, ‘‘निघायचे ना?’’ तो म्हणाला, ‘‘तुमची मर्जी.’’ मी त्याच क्षणी सर्वांना परत फिरवायला हवे होते, कारण समुद्रावर प्रवाशाच्या मर्जीने नौका काढणारा कॅप्टन असून नसल्यासारखा असतो. जाताना वारा पाठीशी असल्याने अर्धा तास मजेत गेला. परतताना वारा समोरून आला, इंजिन तीनदा गुरगुरून बंद पडले, आणि जे अंतर अर्ध्या तासात कापले होते त्याला दीड तासाहून अधिक वेळ लागला. कोणालाही इजा झाली नाही, परंतु सासूबाई भिजलेल्या पदरात दोन्ही हात गुंडाळून तळाशी बसून राहिल्या, आणि तो विषय आजही आमच्या घरी कोणी मुद्दाम काढत नाही.

परतीला एवढा वेळ का लागतो, हे आपल्यालाही आधी माहीत असावे. शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून ती आधी एका अंगाला आणि मग दुसऱ्या अंगाला, अशी नागमोडी चालते, त्यामुळे नकाशावरचे अंतर पाण्यावर चांगलेच वाढते. बेताच्या वाऱ्यात तिचा वेग ताशी चार ते सहा सागरी मैल, म्हणजे सुमारे सात ते अकरा किलोमीटर असतो. घारापुरी गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. म्हणून ‘दोन तासांत घारापुरी दाखवून आणतो’ असे कोणी म्हणाल्यास तो इंजिनावर नेणार आहे किंवा थाप मारतो आहे, असे समजावे. दोन तासांच्या फेरीत नौका कोठेही पोहोचत नाही. बंदरात वाऱ्यावर हिंडायचे, ताजमहाल हॉटेल आणि गेटवे समुद्राच्या बाजूने पाहायचे, सूर्य शहरामागे उतरताना पाहायचा आणि परतायचे, एवढाच तिचा कार्यक्रम असतो. वडिलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘उतरायचे कोठे?’ हा प्रश्न भर समुद्रात निघणार नाही.

आता कागदपत्रे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवासी नौकांना परवाने देण्याचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. परवान्यावर प्रवाशांची आणि खलाशांची संख्या निरनिराळी लिहिलेली असते. ती पाहायला मागण्यात संकोच करू नका. नियमाने चालणारा मनुष्य ती चटकन दाखवतो. गेटवेजवळच्या लहान शिडाच्या नौकांपैकी पुष्कळ पाच-सहा प्रवाशांच्याच असतात, आणि आपण आठ आहात. ‘लहान मुलगी मांडीवर बसेल, तिला काय मोजायचे’ हे बोलणे एस.टी.त चालत असेल. नौकेत सहा वर्षांची मुलगी हा एक पूर्ण प्रवासी असतो आणि तिला तिच्या वजनाचे स्वतंत्र जीवरक्षक जॅकेट लागते. सांगली जिल्ह्यातील माणसाला हे अधिक फोडून सांगण्याची गरज नसावी. २०१९ च्या महापुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली बोट उलटली होती, आणि ती तर माणसांना वाचवण्यासाठी निघालेली बोट होती. आठ जणांचा परवाना असलेली नौका मिळाली नाही, तर दोन लहान नौका घ्या. त्या एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात चालवता येतात आणि छायाचित्रेही जास्त चांगली येतात, कारण शीड फुगलेली आपली नौका तीत बसून दिसत नाही.

जॅकेटच्या बाबतीत मी थोडा हटवादी आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा चूक प्रवाशांची नव्हती, हवाही वाईट नव्हती. तेव्हापासून बंदरात जॅकेटची सक्ती अधिक कडक झाली. परंतु जॅकेट देणे निराळे आणि घालणे निराळे. ते खांद्यावर नुसते अडकवून, समोरचा पट्टा मोकळा सोडून बसणारे लोक मी नेहमी पाहतो. पाण्यात पडल्यावर असे जॅकेट वर तरंगते आणि माणूस त्यातून खाली निसटतो. भाचीला जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून तिला किंचित वर उचलून पाहा. जॅकेट तिच्या कानांपर्यंत वर सरकले, तर ते मोठे आहे; दुसरे मागा. तिच्या मापाचे जॅकेट आहे का, हे फोनवरच विचारून ठेवा, जेट्टीवर नको.

वेळ संध्याकाळचीच घ्या. हिवाळ्यात मुंबई बंदरात सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो आणि तो बहुधा मंद पडत जातो. दहा-अकराच्या सुमारास पाणी तेलासारखे स्थिर होते आणि शीड ओल्या धोतरासारखे लोंबते. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा सुरू होतो, तो तीन-चारच्या सुमारास चांगला भरतो आणि सूर्यास्तानंतर ओसरतो. म्हणून साडेतीन ते साडेपाच ही वेळ उत्तम.

या वेळेला भरती-ओहोटीचीही जोड द्यावी लागते, आणि वृद्ध माणसे बरोबर असताना तर नक्कीच. मोठ्या उधाणाला मुंबईच्या पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटर वरखाली होते. शिडाच्या नौका जेट्टीपासून दूर नांगरलेल्या असतात. पायऱ्यांवरून आधी एका लहान होडीत उतरायचे आणि तिच्यातून नौकेवर चढायचे असते. ओहोटीच्या वेळी खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर हिरवे शेवाळ असते, होडी खाली डुलत असते आणि खलाशी हात पुढे करून ‘या काकू’ म्हणत असतो. या जागी मी धडधाकट माणसांना बसकण मारताना पाहिले आहे. कोकणातला जुना हिशेब असा की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजी तास निघतो. आपली पंचमी आहे. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास पाणी भरलेले असेल आणि आई-वडिलांना शेवाळाच्या पायऱ्या उतराव्या लागणार नाहीत. लग्नाची तिथी निवडणाऱ्याने पन्नास वर्षांपूर्वी फार दूरचा विचार केला म्हणायचा! हेच एकादशी असती, तर भरती सव्वाआठला आणि ओहोटी दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे आपण उतरणार त्याच्या आगेमागेच आली असती. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून शेवटी छापील कोष्टक पाहून कॅप्टनकडून वेळ पक्की करावी.

भाड्याविषयी थोडक्यात. दर संपूर्ण नौकेचा आहे की माणशी, हे आधी स्पष्ट करून घ्या, कारण माणशी दर घेणारा मोकळ्या जागी परकी माणसे बसवतो. वेळ जेट्टीवरून मोजणार की नौकेवर चढल्यापासून, लहान होडीचे पैसे त्यातच आहेत का, प्रवाशांचा विमा आहे का, हेही विचारावे. इंजिन चालते का, हे मात्र निघण्यापूर्वी समोर सुरू करून दाखवायला सांगावे. का, ते वर आलेच आहे.

राहिला प्रवास. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने सांगलीहून निघालात की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचता, आणि तेथून गेटवे अडीच-तीन किलोमीटरवर आहे. त्याच रात्रीच्या गाडीने परतता येईल, असे कोणीतरी घरात सुचवीलच. ते ऐकू नका. एक रात्र मुक्काम करा. ज्याला गाडी गाठायची असते, तो कॅप्टनला घाई करतो. मी त्या दिवशी घड्याळ पाहिले, तेही परतीच्या आरक्षणामुळेच.

प्रश्न : मुंबईची धावपळ करण्यापेक्षा आपल्या शिवसागरातच, बामणोली किंवा तापोळ्याला, शिडाची नौका कॅप्टनसह मिळू शकेल का? आम्ही सहा जण आहोत.
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : तेथे मिळतात त्या इंजिनाच्या बोटी, आणि त्या चांगल्या आहेत. शिडाचा हट्ट मात्र तेथे धरू नये. कोयनेचा हा जलाशय सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा असला, तरी तो दोन्ही बाजूंच्या डोंगरांमध्ये चिंचोळा पसरलेला आहे. वारा डोंगराच्या नाकाडावरून वळून येतो, क्षणात या बाजूने तर क्षणात त्या बाजूने झोंबतो आणि पुढच्या वळणावर अजिबात नाहीसा होतो. असा वारा शिडाला सोसत नाही. शिवाय शिडाच्या नौकेच्या पोटाखाली मीटर-दीड मीटरचा वजनदार कणा असतो, आणि उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरत गेली की काठाजवळचे उंचवटे पाण्याच्या जेमतेम खाली येऊन बसतात. स्थानिक चालकांना ते पाठ असतात. पण त्यांच्या उथळ बोटी त्यांवरून निघून जातात, कण्याची नौका जाणार नाही.

माझे मत विचाराल तर बामणोलीहून बोट घेऊन वासोटा किल्ल्याला जा. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली सुमारे ३५ किलोमीटर आहे. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र जवळ ठेवावे लागते आणि पावसाळ्यात जाणे बंद असते. प्रवासी संख्या, जॅकेट आणि चालकाचा नकार यांविषयी वर लिहिलेले सर्व येथेही लागू आहे. गोडे पाणी आहे म्हणून ते कमी खोल आहे, असे नाही. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच आहे.

प्रश्न : शिडाची नौका एका अंगाला कलते, असे छायाचित्रांत दिसते. ती उलटत कशी नाही? दुसरे असे की, माझ्या पत्नीला बसमध्येही मळमळते. तिला बोट लागेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कलणे हा त्या नौकेचा दोष नाही, तिची चाल आहे. वर उल्लेख केलेल्या कण्यात शिसे किंवा लोखंड भरलेले असते. वारा शिडाला जितका झुकवतो, तितका कणा तिला सरळ करण्यासाठी खाली ओढतो. झुकलेल्या शिडावरून वाराही निसटून जातो. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेल्या लाटा मुंबई बंदरातल्या नव्हत्या. आपल्याला पंधरा-वीस अंशांचा कल जाणवेल आणि पहिली पाच मिनिटे पोटात गोळा येईल. वाऱ्याच्या बाजूच्या, म्हणजे उंच झालेल्या अंगाला बसावे आणि कॅप्टनने दिशा बदलण्याची सूचना देताच डोके खाली करावे, कारण शिडाच्या तळाशी बूम नावाचे जे आडवे दांडके असते, ते त्या वेळी झपकन या बाजूचे त्या बाजूला जाते. शिडाच्या नौकेवर पाहुण्यांना होणारी इजा बहुधा त्या दांडक्यानेच होते.

पत्नींना बोट लागू शकते, पण दोन तासांच्या फेरीत ती टाळणे कठीण नाही. उपाशीपोटी जाऊ नये आणि मिसळ खाऊनही जाऊ नये. भात-वरणासारखे हलके जेवण दोन तास आधी झालेले असावे. आतल्या केबिनमध्ये बसू नये, मोबाइलमध्ये पाहू नये, दूरच्या क्षितिजरेषेवर नजर ठेवावी. मळमळीच्या गोळीने झोप येते आणि ती काही आजारांत चालत नाही, म्हणून ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच आणि निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. आणखी एक गोष्ट कोणी आपण होऊन सांगत नाही : लहान शिडाच्या नौकेवर स्वच्छतागृह नसते. खाऊ म्हणून आपल्याकडचे भडंग मात्र नेऊ नका. मी नेले होते. पहिल्याच मुठीला निम्मे वाऱ्यावर गेले आणि उरलेले कॅप्टनच्या डोळ्यांत. त्यातली लसूण-चटणी त्यांनी बराच वेळ लक्षात ठेवली.

प्रश्न : आम्ही पाच मित्र आहोत, सर्वांना प्रीतिसंगमावर पोहण्याची सवय आहे. कॅप्टन आम्हाला सुकाणू हाती देईल का? आणि सर्वांना पोहता येत असल्यास जॅकेट टाळता येईल का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : सुकाणू देतील; पुष्कळ कॅप्टन आनंदाने देतात. वारा बेताचा असताना, मोठ्या जहाजांच्या मार्गापासून दूर, आणि ते स्वतः शेजारी बसलेले असताना. पहिल्यांदा हाती घेतलेली नौका उलटीच वळते, कारण बऱ्याच लहान नौकांत चाकाऐवजी सुकाणूची दांडी असते आणि ती डावीकडे ढकलली की नौका उजवीकडे जाते. हे अंगवळणी पडायला दहा मिनिटे लागतात. कॅप्टनने दांडी परत मागितली, तर वाक्य पूर्ण होण्याआधी ती द्यावी. खरोखरच शिकायचे असेल, तर भाड्याच्या फेरीवर भागवू नका. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, मुंबईत नौकानयनाचे क्लब आहेत, तेथे रीतसर अभ्यासक्रम असतात. जून ते सप्टेंबर समुद्रावर जाण्याचा विचार करू नका. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ अर्पण करून होड्या सोडतात, ते पाहून सहलीच्या नौकाही लगेच निघतील असे वाटते; त्या ऑक्टोबरपासून नियमित होतात.

जॅकेट टाळता येणार नाही. कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोहणाऱ्याला काठ दिसत असतो. बंदरात ओहोटीचा ओढ बाहेर नेतो, आणि वाऱ्यावर चाललेली नौका पडलेल्या माणसासाठी जागीच थांबू शकत नाही; तिला वळून, शीड आवरून परत यावे लागते, आणि तोवर आपण किती चांगले पोहता याला फारसा अर्थ नसतो. कॅप्टनकडे व्हीएचएफ (बिनतारी) संच असावा आणि तो संकटकाळच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर लावलेला असावा. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा निःशुल्क क्रमांकही पाचही जणांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि ते मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात अडकवून न्या. पाचांपैकी एकाचा तरी पाण्यात पडतोच.